मोडीत घातलेली विळी

नळदुर्गच्या स्टँडवर लोहाऱ्याच्या एस्टीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"शिवकन्याताई, खानावळीसाठी सुरी घ्यायचीय. तुमच्यासारखीच घेऊ का?"

"घे की. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं बघ. माझी मूठ अजून हलली न्हाय."

"मग ही नवी विळी कुणाला?"

"सासूबाईला. सुऱ्या घेतल्या तवा त्यांची जुनी विळी म्या भांडेवाल्याकडं मोडीत घातली."

"रागावल्या का?"

"न्हाय. पण ओट्यापाशी उभं राहून सुरीनं चिरायचं त्यांला जमंना. म्हणलं, तुम्ही निवांत बसा, म्या चिरते."

"बरंच केलं की."

"मलाबी तसंच वाटलं. त्या बसल्या निवांत. मग स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. दिवाळीला लोहाऱ्याला लेकीकडं गेल्या, त्या तिकडंच ऱ्हायल्या."

"आता आणायला निघालात व्हय?"

"काल फोन केला. म्हणलं, तुमच्यासाठी विळी घेतलीय, घरी चला."

"मग, काय म्हणल्या?"

"म्हणल्या, मागनं बोलू गं. मेथी चिरायलेय, हात रिकामा न्हाय."