मेहुण्याचा सरळ केलेला फोटो

...आणि उकडलेला भोपळा, तोही अर्धीच वाटी! तुम्हाला सांगतो, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, दर वर्षी बायको दंडाला धरून रक्त तपासायला नेते, दर वर्षी नॉर्मल येतं, तरी मी जेवायला बसलो की तुपाची बरणी फळीवरून गायब... का? तर जाडा मीच ना!

आणि हिचा धाकटा भाऊ? नुसती काडी! कमरेच्या पट्ट्याला घरी जादा भोकं पाडतो. तो आला की ही तळायला बसते, घे रे, तुला काय होतंय. तोही हादडता हादडता माझ्या पोटाकडे बघून म्हणणार, भाऊजी, सांभाळा बरं का. स्वतःचं रक्त आयुष्यात तपासलं नाही पठ्ठ्यानं! कशाला तपासेल? जाडा मीच ना!

तर हा मध्यंतरी माझ्या स्टुडिओत आला, पासपोर्टचा फोटो काढायला. स्टुलावर बसवला, दिवे लावले, कॅमेऱ्यातून बघतो तर ओठाचा उजवा कोपरा खाली. म्हटलं, तोंड सरळ कर. ढिम्म! म्हटलं, चेष्टा पुरे, बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय. तो काहीतरी पुटपुटला, मला वाटलं काहीतरी चघळतोय मेला... मग मी काय करावं? अहो, जन्मभर लोकांचे मुरूम पुसले, टकलं झाकली, सवयच ती... काढला फोटो, बसलो कॉम्प्युटरवर आणि त्याचा ओठ उचलून सरळ केला! काय सफाई! स्वतःवरच खूश होऊन मान वळवतो, तर याचा उजवा हात लोंबतोय आणि हा स्टुलावरून घसरतोय.

तसाच उचलला त्याला. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत घातला आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय, कोलेस्टेरॉल बेसुमार वाढलंय, बारीक माणसाचंही वाढतं. मग मला विचारलं, "तोंड वाकडं झालेलं कधी लक्षात आलं?" आता काय सांगू? लक्षात आलं आणि मी ते दुरुस्त करत बसलो, म्हणून?

वेळेत पोचलो म्हणून गुठळी विरघळवता आली. बायको धावत आली, रडरड रडली, बारीक माणसाचंही वाढतं हे ऐकलं आणि वळली कुणाकडे? माझ्याकडे! "माझ्या एवढ्याशा भावाचं हे झालं, मग तुमचं काय होईल हो?" जाडा मीच ना!

आता हात चालतो त्याचा, गोळ्या चालू आहेत, ओठ मात्र जरासा खालीच राहिलाय. काल परत फोटोला आला. दिवे लावले, तर हळूच म्हणाला, "भाऊजी, आहे तसाच काढा." काढला. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला बोलू.

मग त्याला घरी जेवायला आणला. हिनं दोघांनाही उकडलेला भोपळा वाढला, तळण नाही, तूप नाही. मनात म्हटलं, चला, एकदाचा न्याय झाला! तेवढ्यात ही त्याच्याकडे बघून हळहळली, किती रे वाळलास... आणि माझ्या वाटीतला अर्धा भोपळा उचलून त्याच्या वाटीत!

मी उरलेला भोपळा खाऊन टाकला. बोलून उपयोग काय? जाडा मीच ना.