बावटा नंबर तीनचं शेवटचं रेकॉर्डिंग

...आणि तो फेस्टिव्हल भरवणारा प्रणय मला विचारतो, "काका, तुमच्या त्या बँडचं यूट्यूबवर काही आहे का?" आता याला काय सांगायचं? चौऱ्याऐंशी साली, रेवदंड्यात, यूट्यूब? अरे बाबा, आमच्याकडे तेव्हा वीजच धड नव्हती, आणि जी होती ती आमचा बँड खायचा! तुम्हाला सांगतो, अरमानने गिटारच्या तारेला हात लावला की अख्ख्या आळीतले बल्ब पिवळे पडायचे, आणि चुलीपुढच्या बायका म्हणायच्या, "बसले वाटतं मेले वाजवायला, भाकऱ्या उरकून घ्या गं." असा बँड पुन्हा झाला नाही. पण कुणाला सांगता!

नाव काय, तर 'बावटा नंबर तीन'. समुद्र खवळणार असला की बंदरावर धोक्याचा बावटा लावतात ना, तोच. नाव ठेवलं अरमानने. अरमान म्हणजे माझा दोस्त अहमद, त्याचा थोरला भाऊ. त्याला कुवेतहून मामाने घड्याळ आणायचं कबूल केलं होतं आणि आणली गिटार, का आणली ते मामालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ड्रमवर दादू. हा मूळचा बेंजो पार्टीतला, हळदीला वाजवणारा, त्यामुळे हळू वाजवणं हा प्रकार असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि गायला गणराज! दिवसभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा आणि संध्याकाळी माइक फोडायचा. खाडीच्या अलीकडे तो सूर लावायचा आणि पलीकडे कोर्लईला कुत्री उठायची. ह्याला हार्ड रॉक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. अहमद पुढे मस्कतला नोकरीला गेला, तिथे कुणाच्या तरी खोलीवर इंग्लिश रॉक ऐकलं आणि मला ट्रंक कॉल लावून म्हणाला, "रत्न्या, ही गोरी माणसं अगदी आपल्या दादूसारखं वाजवतात रे, पण घाबरत घाबरत."

तेव्हा लोक काय म्हणायचे माहितीये? "बेंजो बिघडलाय." एका हळदीत नवरीची आई स्टेजवर चढली, "अरे, जरा नाचायला येईल असं वाजवा ना रे!" आणि गणराजने 'भरती' सुरू केलं. 'भरती' हे त्यांचं सगळ्यात मोठं गाणं. मोठं म्हणजे काय, तर सुरू झालं तेव्हा पाणी धक्क्याला लागलेलं होतं आणि संपलं तेव्हा होड्या चिखलात बसलेल्या. रावजी वायरमन लाइन कापायला आला होता, आळीभर तक्रारी गेल्या होत्या ना, तर हा गडी हातात पक्कड घेऊन खांबाखाली उभा राहिला तो गाणं संपेपर्यंत उभाच, आणि शेवटी काय म्हणतो? "लाइन नंतर कापतो, आधी अजून येक होऊ द्या." ह्याला म्हणतात बँड. पण कुणाला सांगता!

मग व्हायचं तेच झालं. अरमान गिटार घेऊन कुवेतला गेला तो तिकडचाच झाला, दादू परत बेंजोत, आणि गणराज रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवायला लागला. अजून चालवतो. तुम्ही बसलाही असाल त्याच्या रिक्षात, मागे बसून म्हणाला असाल, "ओ दादा, जरा टेप लावा ना." अरे, टेप काय लावा! टेपचा बाप पुढे बसलाय! पण तो दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावतो. मला ते बघवत नाही, खरंच सांगतो.

म्हणून तर मी त्या प्रणयकडे गेलो. मांडव्याला किनाऱ्यावर ह्यांचा रॉक फेस्टिव्हल, गेटवेहून बोटी भरभरून पब्लिक येणार, मुंबईचे बँड येणार. मी म्हटलं, बाळा, मुंबईचे आण, पण सुरुवातीला एकदा माइकवर गणराजचं नाव घे. एकदा. तो समोर बसलेला असताना. पोरगा चांगला आहे, म्हणाला, "काका, नाव कशाला, गाणंच लावतो स्टेजवरून. रेकॉर्डिंग तेवढं द्या."

रेकॉर्डिंग होतं ना! एकच कॅसेट. टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप हो, माशांच्या टोपलीवर ठेवून मी स्वतः भरलेली, 'भरती' अख्खं. आणि ती कुणी ढापू नये, वर कुणी लग्नाची गाणी भरू नयेत, म्हणून मी डोकं लढवून तिच्यावर लिहिलं होतं, 'प्रौढ साक्षरता वर्ग, भाग तीन'. चाळीस वर्षं तिला कुणी हात लावला नाही हो! माझ्या हुशारीवर मीच खूश.

अहमद आता मस्कतहून कायमचा परतलाय, तो आला, आम्ही दोघांनी माळा उपसला. भाग तीन नाही. पेटी उपसली. नाही. शेवटी मी मागच्या दारी गेलो, जयमाला, म्हणजे आमची मंडळी, पावसाळ्याच्या बेगमीला बोंबील वाळत घालत होती. विचारलं तर ती मान वर न करता म्हणते, "ती साक्षरतेची व्हय? ती काय, तुमच्या डोक्यावर."

वर बघतो तर बोंबलांच्या दोरीवर, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, आमचं 'भरती' ताणून बांधलेलं! चकचक करतंय! कावळ्यांसाठी हो. सगळा किनारा करतो ते, जुनी टेप चमकली की कावळे बिचकतात. मी म्हटलं, "अगं, तुला हीच मिळाली?" तर म्हणे, "अहो, लताबाईंची तोडू का? साक्षर तर सगळे झाले आता!" लिहिलेलं माझ्याच हातचं.

मी ओट्यावर बसलो. अहमद मात्र दोरीखाली उभा, डोळे मिटलेले. वारा सुटला होता आणि टेप घुमत होती, घुंऽऽऽई... घुंऽऽऽई... अहमद म्हणतो, "रत्न्या, कसम से, हे भाईजानच्या गिटारचंच आहे." मीही उभा राहिलो. तुम्ही हसाल, पण होतं हो! दोन म्हातारे बोंबलांखाली मान हलवतायत, आणि तेवढ्यात प्रणय दारात, "काका, रेकॉर्डिंग?" मी म्हटलं, "हे काय, चालूच आहे."

माइकवर कुणी नाव घेतलं नाही. रेकॉर्डिंग नसेल तर काय सांगणार, प्रणय म्हणाला, आणि त्याचंही बरोबरच आहे. पण मी गणराजला घरी आणला, दोरीखाली उभा केला. त्याने वर बघितलं. डोळे पुसले आणि म्हणाला, "शेवटाला माझा आवाज फाटला व्हता रे. तेवढा फाटका भाग कंच्या खांबाला हाय?" मी मिठीच मारली त्याला. अंगाला बोंबलाचा वास लागला, लागू दे.

फेस्टिव्हलला आम्ही तिघं गेलो, गणराजच्याच रिक्षाने. मुंबईचा बँड, हा धूर, हे दिवे, माणसाएवढे स्पीकर, पब्लिक वेडं झालेलं. मी सहज वर बघितलं, तर स्टेजच्या लोखंडी कमानीवर ओळीने कावळे बसलेले. बँड जीव तोडून वाजवतोय आणि एक कावळा पंख हलवत नाही! एक तर चोचीने अंग साफ करत होता. आणि आमच्या मागच्या दारी महिनाभर एक बोंबील गेलेला नाही, जयमालाला विचारा.

मी गणराजला कोपराने ढोसलं, वर बोट दाखवलं. त्याने बघितलं, समजला, गालात हसला.

पण कुणाला सांगता!