मानपत्रातली चौथी ओळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तोतारामनाना, सावद्याहून अल्बमच्या छपाईची गर्दी बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे प्रेमराजभाऊ, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपल्या सर्वांचे अय्युबभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या शहनाजभाभी, आणि आज गळ्यात कॅमेरा नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या माझ्या छायाचित्रकार बंधू-भगिनींनो,

मी वक्ता नाही. हनुवटी जरा खाली, खांदा सरळ, एवढंच बोलून माझी पंचवीस वर्षं गेली. पण यावल तालुका छायाचित्रकार संघटनेचा सचिव म्हणून मानपत्राचं वाचन माझ्याकडे आलं आहे. ते लिहिलंही मीच आहे. जळगावला फ्रेम करून घेतलं, काच बसवली, आणि ते इथे टेबलावर शालीखाली ठेवलं आहे. वाचण्याआधी दोन शब्द बोलायची परवानगी मी नानांकडे मागितली. नाना म्हणाले, "दोनच बोल रोहिदास, पुऱ्या थंड होतात." नाना, आज थोड्या थंड होऊ द्या.

अय्युबभाईंची ओळख करून द्यायची म्हणजे यावलच्या लोकांना यावलच दाखवण्यासारखं आहे. एसटी स्टँडसमोरचा नूर फोटो स्टुडिओ, एक्केचाळीस वर्षं. या सभागृहात असा कोण आहे, ज्याला अय्युबभाईंनी "हलू नका" म्हटलेलं नाही? दहावीच्या फॉर्मचा फोटो असो, नाही तर लग्नाचा, भाईंचा तो हुकूम ठरलेला. तोतारामनानांच्या लग्नात तर यांनी भटजींनाच थांबवलं होतं. अक्षता टाकताना लोकांचे हात हलतात आणि नवरदेवाचं तोंड झाकलं जातं म्हणून! भटजी थांबले, सनईवाला थांबला, सगळा मांडव थांबला. फोटो निघाला आणि मग नानांचं लग्न पुढे लागलं. हसताय, पण तो फोटो नानांच्या बैठकीत अजून आहे. त्यात नानांची मिशी एकेक केस मोजावी इतकी साफ दिसते.

मी भाईंकडे शिकलो नाही, पण त्यांच्याकडे बघून शिकलो. ते माणसाला थांबवायचे, मग त्याच्याकडे बघायचे, आणि मगच बटण दाबायचे. मला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ लावतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना थोडी तांत्रिक माहिती द्यावी लागेल. बाहेरच्या पाहुण्यांनी कंटाळू नये.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळलो. भाई वळेनात. त्यांची जुनी लेन्स होती, चेहऱ्यांसाठी ठेवलेली, जपून मऊ फडक्यात बांधलेली. ती सोडायला ते तयार नव्हते. नवा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. त्यावर उपाय असतो. मध्ये एक रिंग लावायची, तिला अडाप्टर म्हणतात. ती दोघांमध्ये दुभाषाचं काम करते. कॅमेरा म्हणतो, चेहरा इथे आहे, लेन्सला सांग. रिंग लेन्सला सांगते, लेन्स फिरते.

हा अडाप्टर यावलला आणला मी. याच सभागृहात मी त्याचं प्रात्यक्षिक दिलं. नानांना या खुर्चीवर बसवलं, लेन्स त्यांच्याकडे केली, आणि पडद्यावर सगळ्यांना दाखवलं, बघा, नानांच्या डोळ्यावर हिरवी चौकट कशी बसली, म्हणजे फोकस पक्का! टाळ्या पडल्या. व्हिडिओ ग्रुपवर गेला. मी छाती फुगवून भाईंना म्हणालो, "भाई, लेन्स जुनीच ठेवा, कॅमेरा तेवढा बदला. आता कोणाला थांबवायची गरज नाही. चालत्या माणसाचा डोळा हा धरून ठेवतो." भाईंनी ऐकलं, नवा कॅमेरा आणि रिंग घेतली.

नाना खुर्चीवर बसलेले होते, हे कोणाच्या लक्षात आलं का? माझ्याही नाही आलं. आपण स्टुडिओतली माणसं. काहीही तपासायचं म्हटलं की आधी माणसाला बसवतो. बसलेल्या माणसावर ती रिंग उत्तम चालते. आजही चालते.

पुढच्याच महिन्यात मी साक्रीला एक लग्न केलं. वरात नाचत पुढे आली आणि माझी लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे फिरत राहिली. दुभाषा सांगेपर्यंत माणूस दोन पावलं पुढे आलेला असायचा. चौकट मात्र हिरवीच. साठ फोटोंतले पाच कामाचे निघाले. घरी येऊन मी काय केलं? जळगावला गेलो आणि गुपचूप कॅमेऱ्याच्याच कंपनीची लेन्स घेतली. अडाप्टर कपाटात टाकला. ग्रुपवर माझ्या व्हिडिओला लोक अजून अंगठे देत होते. मी त्याखाली एक ओळ लिहायला हवी होती. नाही लिहिली. कोण कशाला स्वतःचं हसं करून घेईल?

नाना, मला कळतंय तुम्ही घड्याळ का बघताय. पण मी थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात शीतलचं लग्न होतं. शीतल आज आली आहे, मागून तिसऱ्या रांगेत. मीच बोलावलं तिला, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. शीतलची आजी गुंताबाई. सातपुड्याच्या पायथ्याला यांचं गाव, पावसावरची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि डिंक. गुंताबाईंना फोटोचा राग होता. पोरांनी मोबाईल वर केला की त्या पदर पुढे ओढायच्या. आधार कार्डावर एक फोटो होता, पण तो कोणत्याही म्हातारीचा म्हणून चालला असता. फक्त अय्युबभाईंवर त्यांचा भरवसा. यांनीच त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो काढलेले. मी त्या दिवशी व्हिडिओला होतो, शेजारीच. माझा कॅमेरा बोहल्याकडे होता, पण कान इकडे होते. गुंताबाई भाईंना म्हणाल्या, "अय्युबभाऊ, तू काढ. पन माले हासाडू नको, मना तोंडमा एक बी दात नई शे."

भाई म्हणाले, "अक्का, आज पदर नका घेऊ. तोंड उघडं राहू द्या. तिकडून नातीकडे चालत या."

चालत या. एक्केचाळीस वर्षांत ज्या माणसाने लोकांना "हलू नका" सांगितलं, तो पहिल्यांदा कोणाला तरी "चालत या" म्हणाला. का म्हणाला? मी सांगितलं होतं म्हणून.

मांडवाच्या तोंडाकडून चार वाजताचं ऊन आत येत होतं. त्यातून गुंताबाई आल्या, पदर खांद्यावर, तोंडभर हसत. शीतलजवळ येऊन तिच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. भाईंनी तेवीस फोटो काढले. मी ते आवाज ऐकले. मध्ये मध्ये लेन्सची खरखर पण ऐकली. मला त्याच क्षणी कळलं होतं.

तेवीसच्या तेवीस फोटोंत मांडवाच्या तोंडाची झालर साफ आली. तिच्यावरचा कागदी गुलाब न् गुलाब मोजता येतो. आणि झालरीपुढे एक धुरकट बाई हसते आहे.

ऑगस्टमध्ये गुंताबाई गेल्या. दहाव्याच्या आधी शीतल फोटोसाठी नूर स्टुडिओत आली. मी तिथेच बसलेलो, चहा घेत. काउंटरला धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, बठ्ठा फोटो देखी ल्या ना. एक तं साफ व्हई." भाईंनी पुन्हा तेवीसही उघडले. एकेक मोठा करून पाहिला. तिनेही पाहिला. मग ती एवढंच म्हणाली, "आते मी आजीले कोठे देखू?"

अय्युबभाईंनी चष्मा काढला. म्हणाले, "बेटी, माफ कर. माझी नजर गेली. मला कळलंच नाही मी कुठे बघतोय."

माझ्या हातात कप होता. मी बोलायला हवं होतं. तीन शब्द पुरले असते: भाई, रिंगची चूक. मी चहा पिऊन टाकला.

त्यानंतर भाई लग्नाच्या तारखा नाकारायला लागले. ज्याला समोरचा माणूस दिसत नाही त्याने कशाला कोणाचं लग्न बिघडवावं, असं म्हणायचे. त्यातल्या सहा तारखा मी घेतल्या. हो, मीच.

मग मी त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, एसटीने. वाटलं, डॉक्टर सांगतील, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू नाही, पडदा चांगला, चष्म्याचा नंबर तोच. म्हणाले, वयाच्या मानाने फार छान नजर आहे. बाहेर बाकावर बसल्यावर भाई मला काय म्हणाले? "रोहिदास, डॉक्टर अक्षरं वाचायला लावतो. मला माणसं दिसत नाहीत, त्याला कसं कळणार?" मी म्हणालो, चला भाई, गाडी चुकेल.

आणि भाभी, तुम्ही. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून विचारलंत, "रोहिदासभाई, सच बोलो, इनकी नज़र सच में गई क्या?" डॉक्टरांचा कागद तुमच्या हातात होता. तरी तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, कारण कॅमेऱ्यातलं मला कळतं. मी म्हणालो, "उमर हो गई भाभी." तोवर मी फक्त गप्प होतो. तुमच्याशी मी खोटं बोललो.

स्टुडिओचं शटर गेल्या महिन्यात खाली आलं. पाटी उतरवली. रविवारी हे दोघं धुळ्याला अरिबाकडे राहायला जाणार. लेकीचं घर आहे, सुखाने राहतील, असं म्हणायचं असतं. मी त्यांना इथल्या घरी पाहून आलो आहे. खिडकीत बसतात, आणि कोणी दारात आलं की आधी शहनाजभाभींना विचारतात, कोण आहे? दिसत असतं त्यांना. स्वतःवरचा भरवसा उडाला आहे.

आता ते मानपत्र. शाल बाजूला करतो. चौथ्या ओळीत मी लिहिलं आहे, "वाढत्या वयात दृष्टीने साथ सोडल्यामुळे आपण सन्मानाने निवृत्त होत आहात." अक्षर सुंदर आहे, किनार सोनेरी आहे. काल संध्याकाळी फ्रेम घरी आणली, तेव्हा काचेत माझंच तोंड त्या ओळीवर दिसलं.

अय्युबभाई, तुमची नजर गेलेली नाही. त्या दिवशीही गेली नव्हती. तुम्ही गुंताबाईंकडेच बघत होता. तुमच्या जागी कोणीही असता, त्या लेन्सने आणि त्या रिंगने चालती बाई सुटलीच असती. माझी साक्रीला सुटली होती. मला माहीत होतं.

इकडे बघा ना भाई.

नाही बघत.

जितेंद्र, टाळ्या नको रे, बस खाली. कसल्या टाळ्या? मी काही मोठं काम केलेलं नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी बोललो असतो, तर भाईंनी रिंग फेकून जुना कॅमेरा परत काढला असता, शटर वर राहिलं असतं. आज बोलून मी काय परत देतोय? स्टुडिओ नाही. तारखा नाहीत. दुपारी वाटलं, भाईंचा जुना कॅमेरा त्यांच्या स्टुडिओत काम केलेल्या झैदकडून मागून आणावा, त्यांची ती लेन्स लावावी, शेवटचा ग्रुप फोटो त्यांच्या हातून घ्यावा. आणलाही आहे, इथे टेबलावर आहे. पण भाई मान हलवून नको म्हणतायत. बरोबर आहे. मीही नाही धरणार आग्रह.

शीतल उठली. वाट द्या तिला. कोणी अडवू नका. शीतल, तुझ्या आजीचा चेहरा मी तुला देऊ शकत नाही. जगातली कोणतीही मशीन आता तो साफ करू शकत नाही. मी सगळं करून पाहिलं, महिनाभर पाहिलं. जे निघतं ती दुसरीच कोणी बाई असते. ते तुझ्या भिंतीवर लावायला मी देणार नाही.

गेली.

माझं संपलं. नाना, मानपत्र मी वाचणार नाही, आणि ते भाईंच्या हातात द्यायचंही नाही. काच काढून चौथी ओळ बदलता येईल, पण त्या ओळीत खरं काय लिहायचं ते संघटनेने ठरवावं. सचिवपदाचा राजीनामा मी सकाळीच तुमच्या घरी वहिनींकडे दिला आहे.

सभागृह मिळवून देणाऱ्या मेघाताईंचे, जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या सर्वांचे, आणि इतका वेळ शांत बसलात म्हणून तुमचे आभार मानतो. भाषण संपवताना बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. तसं मीही म्हणतो. आज जे बोललो त्यात काही चुकलं असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला.

जे बोललो नाही, ते मात्र घालू नका, अय्युबभाई. ते माझ्याजवळच राहू द्या.