सहा तासांचा केर

…अन् केराला काय कळतंय हो, पोरगं आगगाडीनं गेलं का विमानानं? तुम्हीच सांगा! माणूस गावाला निघालं की ते पोचस्तोवर घर झाडायचं न्हाई, हे लहान लेकराला बी ठावं असतंय. पण आमच्या वाटूरच्या रामकिसनानं त्याचा बी हिशोब मांडला!

झालं असं, त्याचा मच्छिंद्र दिल्लीला नोकरीवर निघाला. परतूरहून आगगाडीनं हैद्राबाद, अन् सोमवारी सकाळी तिथनं विमान. जाताना हासून म्हणला, "आबा, हैद्राबादेत न्याहारी अन् दिल्लीत जेवण. आगगाडीला दोन राती, ह्याला सहा तास." बस्स! तवापासून रामकिसन पारावर बसून ज्याला त्याला ऐकवून राह्यला… आठशे मैल, बिलकुल सरळ, मधी ना वळण ना फाटक, सहा तासांचं तर अंतर! अहो, हा गडी जालन्याच्या पुढं कधी गेला नव्हता!

सोमवारी त्याची बायको दुर्गाबाई झाडूला हात लावंना. दुपार कलली तसा हा उठला, म्हणला पोचला आता, जेवायला बी बसला असंल. ती म्हणली, तार येऊ द्या, मंग झाडते. ह्यानं ऐकलं व्हय? सहा तासांचं तर अंतर, म्हणला, अन् जन्मात न धरलेला झाडू धरला. माजघर झाडलं, ओसरी झाडली, उंबऱ्याजवळ लेकराची जातानाची पावलं उमटलेली, ती सुदीक बराबर साफ केली.

तार आली न्हाई. पत्र न्हाई. मंग निजामाच्या मुलखाची नाकाबंदी झाली, टपाल अडलं म्हणले. अन् तुम्हाला सांगतो, रोज दुपार कलली की रामकिसनाला घरात झाडू ऐकू यायला लागला. खर्र… खर्र… आत जावं तर कुणी न्हाई. बायको रानात, झाडू कोपऱ्यात. झाडू नेऊन गोठ्यात टाकला, तरी माजघरात खर्र! आम्ही म्हणलो, उंदीर असंल. तर म्हणतो कसा, उंदराला दिल्लीची दिशा कळती का? केर उत्तरेकडं सरकून राह्यलाय. आता ह्याला काय बोलावं? घर झाडणंच बंद केलं त्यानं. साऱ्या गावच्या कोंबड्या त्याच्या माजघरात उकरायला! मी एकदा दुपारी गेल्तो. खोटं कशाला बोलू, मला काहीच ऐकू आलं न्हाई. पण त्याचं तोंड बघितलं अन् मलाच खर्र खर्र व्हायला लागलं. भ्यालो मी, चप्पल तिथंच टाकून पळालो!

मंग निजामाचं राज्य गेलं, टपाल मोकळं झालं. गावात दुसऱ्यांची पत्रं आली. ह्यांच्या दारावरून पोष्टमन खाली मान घालून जायचा.

दिवाळी तोंडावर आली, तशी दुर्गाबाई उठली. पदर खोचला, गोठ्यातून झाडू आणला. रडली न्हाई, काही न्हाई. हळूच म्हणली, "सहा तासांचं तर अंतर. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. झाडते मी आता."

आम्ही दारातच. वाटलं, सुटला बिचारा एकदाचा. तर हा धडपडत उठला, तिच्या हातातला झाडू दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"थांब गं जरा," म्हणला, "विमानाला वारा उलटा असंल."