दोघींत एक सायकल

थोरली: एका हाताने उचलून बघ म्हटलं, तर तू दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन उचलतेयस. नको ही.

धाकटी: अहो जाऊबाई, पण दिसते कशी बघा ना! आणि टायर! हत्तीचे पाय नुसते.

दुकानदार: पुढे शॉकअप आहेत, ताई. खड्ड्यातून गेलात तरी कळणार नाही.

थोरली: मला कळलेलं चालतं. आमच्या दारात पायऱ्या आहेत. हा हत्ती रोज वर कोण चढवणार?

धाकटी: सकाळी तुम्ही उतरवायचा, रात्री मी चढवायचा. ठरलंय ना आपलं?

दुकानदार: म्हणजे? दोघींत एकच घेताय?

धाकटी: जावा आहोत आम्ही. ह्या थोरल्या. ह्यांचं काम सकाळी आठला सुरू होतं, तीनला सुटतं. मी चारला औषधाच्या दुकानात जाते. तीननंतर सायकलने काय झोपा काढायच्या?

दुकानदार: जावा जावा आणि एका सायकलवर! आमच्या घरी दोघी एका बादलीवरून भांडतात.

थोरली: आम्हीही भांडतो. बादल्या दोन आहेत म्हणून निभतंय.

दुकानदार: बरं, मावशी, मग तुमचं बजेट काय ते सांगा, तसं दाखवतो.

थोरली: मावशी? माझे केस पांढरे दिसतात आणि तुमचे रंगवलेत, एवढाच काय तो फरक आहे आपल्या वयात.

धाकटी: आता बोला, काका!

दुकानदार: चुकलं. ताई. दोघीही ताई. हे बघा, ताई, खोटं नाही बोलणार, दोघींनी रोज वापरायची तर गिअरवाली घ्या. आयुष्यभराचं काम होईल.

थोरली: तिच्या किमतीत तिसरी जाऊ आणता येईल घरात. ती पिवळी काय वाईट आहे? कोपऱ्यातली.

दुकानदार: ती? ती गेल्या वर्षीची आहे. रंगामुळे कोणी घेत नाही. सायकल चांगली आहे, नाही असं नाही. मधला दांडा खाली आहे, चेनला कव्हर, मागे कॅरिअर, पुढे बास्केट. पण साधी आहे हो, एकदम साधी. गिअर नाहीत.

धाकटी: पिवळी म्हणजे किती पिवळी, जाऊबाई! हिच्यावरून गेलं की लोक मागून हळद मागतील.

थोरली: लांबून दिसेल म्हणजे ट्रकवाल्याला. उचल बघू.

धाकटी: अरे वा. एका हाताने आली.

थोरली: ब्रेक दाब. दोन्ही. हं. बास्केटमध्ये काही ठेवलं तर हँडल ओढतं का बघ, माझी पर्स टाक त्यात.

दुकानदार: तुम्ही काय करता, ताई? म्हणजे काम कसलं?

थोरली: कापते.

दुकानदार: काय कापता?

धाकटी: घाबरू नका, कापड कापतात. शाळेचे, दवाखान्याचे गणवेश शिवायचं युनिट आहे ना, तिथे कटिंगच्या टेबलावर असतात. एकावर एक पन्नास थर अंथरतात आणि मशीनने एका झटक्यात पन्नास बाह्या.

थोरली: हात हलला की पन्नासच्या पन्नास वाकड्या. म्हणून तर ही सगळी कटकट. युनिट होतं आमच्या घरामागे. आता मालकांनी हलवलं वर. हा समोरचा चढ दिसतो ना, पाण्याच्या टाकीपर्यंतचा? त्याच्या डोक्यावर.

दुकानदार: तो? बापरे. तिथे बस जात नाही.

थोरली: बस खाली सोडते. तिथून चालत वर जायचं. पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, छाती लोहाराच्या भात्यासारखी, आणि हात असा, हा असा हलतो. धाप ओसरेपर्यंत टेबलाला हात लावत नाही मी. सुपरवायझरबाई घड्याळाकडे बघतात, मी कापडाकडे बघते.

धाकटी: डॉक्टर म्हणाले, चालण्यापेक्षा सायकल बरी गुडघ्यांना. मलाही म्हणाले, वजन उतरवा. म्हटलं एका औषधात दोन रोगी.

थोरली: आणि ह्यांचं म्हणणं, कशाला या वयात? पडलीस, हाड मोडलं, म्हणजे? सोड काम. खूप कापलंस.

धाकटी: मोठे भाऊजी ते कौतुकाने म्हणाले हो.

थोरली: कौतुकानेच म्हणाले. म्हणून तर उलटं बोलता येईना. उद्या सकाळपर्यंत सांगायचंय तिथे, येणार का राजीनामा देणार. बाईंनी माझ्या टेबलासाठी दुसरी मुलगी बघूनही ठेवली आहे. तेव्हा, दुकानदार, ही पिवळी घेऊन मी समोरचा चढ चढून बघते. चढले तर घेते. नाही चढले तर तुमचा आणि माझाही वेळ वाचला.

दुकानदार: जरूर. सीट केवढी ठेवू?

थोरली: अगदी खाली. दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत. मला लहानपणी तसंच शिकवलंय. बस, एवढी. सरका.

धाकटी: सावकाश, जाऊबाई! घंटी वाजवा!... बघा, कशा चालल्या! शाळेत असताना चालवायच्या म्हणे. हात नाही विसरला.

दुकानदार: सपाटीवर सगळेच चालवतात, ताई. चढ तर आत्ता लागलाय.

धाकटी: चाललंय की... चाललंय... अरे.

दुकानदार: दुसऱ्या खांबाशी उतरल्या. सांगत होतो ना? गिअर पाहिजेत.

धाकटी: तुम्ही जरा गप्प बसा आता. त्या येतायत. तोंड बघा त्यांचं.

थोरली: नाही जमत. मांड्या पेटल्या. गुडघे पार हनुवटीला लागतात आणि जोर कुठे लावावा कळत नाही. ठेवा ही आत.

दुकानदार: गिअरवाली एकदा...

थोरली: परवडत नाही म्हटलं ना! एकदा सांगितलं.

धाकटी: थांबा, मी बघते. माझ्या मापाची करा हो सीट. अजून वर. अजून. हां. आलेच मी!

थोरली: कशी पळवतेय बघा. तिसरा खांब. चौथा.

दुकानदार: वय आहे, ताई.

थोरली: हं.

दुकानदार: तुमच्याबद्दल नाही म्हटलं...

थोरली: कळलं मला.

धाकटी: जाऊबाई, मस्त आहे हो! अर्ध्यावरून वळले, दम लागला म्हणून नाही, कुत्रा आडवा आला म्हणून. घेऊया हीच!

थोरली: घे. तुझ्यासाठी घे. माझा अर्धा वाटा माझ्याकडून भेट समज. मी उद्या जाऊन राजीनामा देते.

धाकटी: एकदा नाही जमलं तर लगेच राजीनामा?

थोरली: जमण्याचा प्रश्न नाही. माणसाने वेळेवर ओळखावं. ती नवी मुलगी हुशार असेल. शिकेल.

धाकटी: हो ना. शिकेल. पन्नास-पन्नास बाह्या वाकड्या करत शिकेल. तुम्ही घरी बसून मस्त भाजी निवडा. दुपारी गॅलरीत उभं राहून माझी सायकल येते का बघा. संध्याकाळी भाऊजींना सांगा, आज कोथिंबीर फार मातकट होती.

थोरली: तोंड सांभाळ.

धाकटी: सांभाळते. मलाही घरात एक माणूस बरंच आहे. कपडे आत घ्यायला, गॅसचा सिलिंडर आला तर दार उघडायला...

थोरली: आण ती सायकल इकडे. आण म्हणते ना!

(थोरली दुकानाच्या पायरीवरूनच सायकलवर बसते आणि पायरीला लाथ मारून निघून जाते.)

दुकानदार: अहो! अहो ताई! सीट!

धाकटी: अगं बाई! सीट माझ्या मापाचीच राहिली!

दुकानदार: तुमच्या मापाची म्हणजे त्यांचे पाय टेकणारच नाहीत! थांबवा त्यांना!

धाकटी: जाऊबाईऽऽ! सीट खाली करायची राहिलीऽऽ! ...ऐकलं त्यांनी. मान हलली.

दुकानदार: मग थांबत का नाहीत?

धाकटी: थांबणार कशा? पाय टेकत नाहीत ना!

दुकानदार: पडतील. माझ्या दारासमोर पडतील. पहिला खांब.

धाकटी: पुढे जा, पुढे जा, आता थांबू नका... दुसरा! दुसरा गेला हो! जिथे मघाशी उतरल्या तो गेला!

दुकानदार: अरे, पण काय पाय मारतायत! सरळ जातोय बघा पाय खाली. डोलत नाहीत, काही नाहीत.

धाकटी: तो कुत्रा! परत तोच कुत्रा आडवा! ए हाड! हाड रे!

दुकानदार: इथून हाड म्हणून काय उपयोग?

धाकटी: घंटी! ऐकलीत? कुत्रा पळाला! चौथा खांब. वळणावर हळू झाल्या. काका, हळू झाल्या हो.

दुकानदार: उभ्याने मारा, ताई! उभ्याने! ...उठल्या! उठल्या सीटवरून!

धाकटी: मघाशी म्हणत होतात गिअर पाहिजेत.

दुकानदार: कोण म्हणत होतं? चला, चला, ताई, चला! शेवटचं!

धाकटी: टाकी! टाकी आली! पोचल्या! जाऊबाईऽऽ! अहो काका, पोचल्या! नाचू का मी इथे?

दुकानदार: नाचा. तिकडे काय करतायत त्या?

धाकटी: फाटकाला धरून उभ्या आहेत. त्यांच्या युनिटचं फाटक ते. उतरता येत नसणार, बिचाऱ्यांना. आतून कोणीतरी बाहेर आलं. बोलतायत काहीतरी. निघाल्या. आता उतार.

दुकानदार: ब्रेक दोन्ही दाबा म्हणावं.

धाकटी: दाबतायत. काय ऐटीत येतायत बघा, मिरवणूक निघाल्यासारख्या.

थोरली: सरका! सरका सगळे! पायरी द्या मला! पायरी!

दुकानदार: धरलं, धरलं. उतरा.

थोरली: पाणी आहे का?

धाकटी: हे घ्या. पडला असतात म्हणजे? भाऊजींना मी काय तोंड दाखवलं असतं?

थोरली: मघाशी कोथिंबीर निवडायला बसवत होतीस तेव्हा नाही आठवले भाऊजी? ...हे काय झालं पण? मघाशी दुसऱ्या खांबाशी जीव गेला आणि आता वर पोचले. उतरता येईना म्हणून चढत राहिले, हे खरं. पण मांड्या पेटल्या नाहीत. कशा काय?

दुकानदार: सीट वर होती ना. पाय पुरता लांब होतो, सगळा जोर लागतो. खाली ठेवली की सगळं गुडघ्यांवर येतं.

धाकटी: हे तुम्हाला माहीत होतं?

दुकानदार: ...हो.

धाकटी: मग मघाशी बोलला का नाहीत?

दुकानदार: मला गिअरवाली विकायची होती, ताई.

थोरली: आता त्या खोटं न बोलण्यापायी पिवळीवर काय सोडणार ते बोला.

दुकानदार: कुलूप देतो. आणि हवा भरायचा पंप. आणि महिनाभर काही कुरकुरलं तर फुकट करून देईन.

थोरली: आणि मागचा दिवा. हिला रात्री यायचं असतं.

दुकानदार: लावतो दिवा. तुम्ही कापड कापता ते बरोबर आहे, ताई.

धाकटी: जाऊबाई, हात दाखवा बघू. पुढे करा. सरळ.

थोरली: काय हे, चारचौघांत. हा घे.

धाकटी: हलत नाहीये.

थोरली: नाही हलत. आता वर फाटक धरलं होतं तेव्हा बघितलं मी. धाप लागली होती, पण हात शांत होता.

धाकटी: आणि ते बाहेर आलं होतं कोण? वॉचमन?

थोरली: सुपरवायझरबाई. कोण फाटकाला लटकलंय बघायला आल्या. म्हणाल्या, आज तुमची सुट्टी ना? इकडे कुठे?

धाकटी: मग? सांगितलंत, उतरता येत नाहीये म्हणून?

थोरली: छे. म्हटलं, सहज आले होते.

धाकटी: सहज! तो चढ चढून सहज! आणि त्या?

थोरली: त्या बघतच राहिल्या. माझ्याकडे, मग पिवळीकडे, मग खाली चढाकडे. मी म्हटलं, सकाळी आठला येते. त्या नव्या मुलीला शिवणाच्या ओळीत बसवा.

धाकटी: काय म्हणाल्या?

थोरली: आत वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, मग उद्याचं कापड अंथरून ठेवायला सांगते.