कोंडा गिरणीचा

गिरणीचं नाव काढू नका रे, माझं डोकं अजून तापतं. कुंभवलीत वीज आली आणि पाठोपाठ भाताची गिरणी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांत आधी माझी आई गेली. मुसळाने तिच्या हातांना घट्टे पडले होते. तांदूळ छान निघाला, आई खूश झाली. मग म्हणाली, "आता माजा कोंडा दे."

मालक म्हणाला, "कोंडा गिरणीचा."

"भात माजा, मग कोंडा तुजा कसा? कोंबड्यांना काय घालू?"

तो सगळ्यांसमोर हसला. "म्हातारे, कोंड्यासाठी भांडतेस? तुम्हाला सुधारणा कळायचीच नाही."

मी शेजारीच उभा होतो. अंगाचा भडका उडाला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याचाच राग जास्त येतो.

आईने पुन्हा मुसळ धरलं. तिचं ऐकून बाकीच्या बायकाही उखळाकडे परतल्या. पंधरा दिवसांनी मालक आमच्या अंगणात हजर. "तांदळात काही खोट होती का? बायका येत का नाहीत?"

आईच्या आधी मीच बोललो. "तांदूळ झकास होता. पण तुमची सुधारणा आमच्या कोंबड्यांना कळायची नाय."