तेरा फुटांची शिडी

— नाही, हे खरं तर मी सांगायचंच नव्हतं. दादानं बजावलं होतं, बेबी, हे पान कुणी पाहिलं तर शाळेचं गणित म्हणून सांगायचं, वर एक अक्षर नाही. पण तुम्ही डॉक्टरांकडून आलात, आणि वही टेबलावरच पडलेली होती, आणि तुम्ही उघडलंत तेही नेमकं तेच पान — मग आता लपवून काय करू? बसा ना तुम्ही. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा. आई येईलच. संध्याकाळी सहाला पुन्हा कर्फ्यू लागायच्या आत ठाकूरद्वाराला जाऊन येते म्हणाली, भाजीला. म्हणजे भाजीला नाही — तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याच डॉक्टरांना निरोप द्यायला गेली ती. वाटेत भेटली नाही तुम्हाला? चुकामूक झाली असेल. पाणी देऊ? नको? बरं.

गणित तसं सोपं आहे. शिडीची गणितं आमच्या पुस्तकात कितीतरी आहेत. भिंतीपासून इतक्या फुटांवर शिडीचा पाय, इतक्या उंचीवर खिडकी, तर शिडी किती लांब? भिंत उभी, जमीन आडवी, दोघींमध्ये काटकोन, आणि शिडी म्हणजे कर्ण. दोन बाजूंचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. पण हे पुस्तकातलं नाही हे तुम्ही एका नजरेत ओळखलंत, ते कसं? — हां, पान नंबर नाही म्हणून. खरंय, मी प्रत्येक गणितापुढे पान नंबर लिहिते, इथं लिहायला नंबरच नव्हता. इतकं बारीक आमच्या बाईसुद्धा बघत नाहीत.

दादा म्हणजे मनमोहन, माझा मोठा भाऊ. तुम्ही ओळखता म्हणालात ना त्याला? आणि दुसरा चिंतामणी, खालच्या मजल्यावरचा, दादाच्याच वर्गातला. मुंबई दिल्लीच्या ताब्यात जाणार असं रेडिओवर सांगितलं, त्या दिवसापासून दोघं घरी जेवायलाही धड येत नव्हते. पत्रकं काढायचे. छापायचं यंत्र इथंच होतं, या कॉटखाली — नाही, आता नाही, वाकून बघू नका, आता तिथं नुसती ट्रंक आहे. तर एकदा दादा म्हणाला, बेबी, पोलीस पुढच्या जिन्यानं आले तर आम्ही मागून कुठे जायचं? मी म्हटलं, मागे तर घरगल्ली. ती काय, दोन बिल्डिंगींच्या मधली चिंचोळी जागा, मोऱ्यांचे पाइप उतरतात तिथं, झाडूवाल्याशिवाय कुणी जात नाही. पण समोरच्या बिल्डिंगीची गच्ची आपल्या मागच्या गॅलरीपेक्षा मजलाभरच उंच आहे. शिडी लावली तर पोचता येईल. किती लांब शिडी? तू काढून दे, म्हणाला. मला कुणी असं काही कधी विचारत नाही हो. घरात मी आहे की नाही हे पाहुण्यांना चहा आल्यावर कळतं. मग मी मोजलं.

कसं मोजलं? — सांगते. कपडे वाळत घालायची काठी असते ना, ती आडवी धरून समोरच्या भिंतीला टेकवली आणि खुणेला चिंधी बांधली. कुणी बघितलं तरी वाटणार, पोरगी कपडे वाळत घालतेय. पाच फूट भरले. उंचीला काठी कशी पुरणार? पण समोर बिडाचा पाइप आहे, पावसाच्या पाण्याचा. त्याचे तुकडे सहा-सहा फुटांचे असतात, जिथं जोड येतो तिथं जाड कडं दिसतं. आपल्या गॅलरीच्या लादीच्या रेषेत एक कडं आहे. तिथून गच्चीच्या कठड्यापर्यंत बरोबर दोन तुकडे. बारा फूट. पाचाचा वर्ग पंचवीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे एकोणसत्तर — आणि वर्गमूळ बरोबर तेरा. अपूर्णांक नाही, काही नाही. इतका आनंद झाला मला. परीक्षेत असं पूर्ण उत्तर आलं की समजायचं, गणित बरोबर आहे. चिंतामणी म्हणाला, काय मोजणी कारकून, पगार किती घेणार? मी लाजून आत पळाले.

दादानं सीताराम सुतारांकडे चिठ्ठी दिली. ते स्वतः विचारायला आले होते, या इथं दारात उभे होते — फूट-दोन फूट जास्त ठेवू का भाऊ, शिडीला जास्त ठेवतात. आणि दादा हसून म्हणाला, नको मिस्त्री, आमच्या बेबीचं गणित चुकत नाही.

चुकलं नव्हतंच. तेच तर. तुम्ही पुन्हा करून बघा, चूक सापडायची नाही. पण पुस्तकातली शिडी म्हणजे एक रेघ असते ना — तिला वजन नसतं, ती वाकत नाही, तिचं टोक भिंतीच्या एका बिंदूला लागलं की झालं. खऱ्या शिडीला वर कठड्यावर टेकायला हात-दीड हात लागतो, खाली पाय रोवायला जागा लागते. हे सुताराला माहीत होतं. मला नव्हतं, कारण मला कुणी त्याचे मार्क दिले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या जिन्यावर बूट वाजले. दादा आधी गेला, तो हलका आहे, तो पोचला. मग चिंतामणी, पाठीवर यंत्र बांधून. शिडीचा खालचा पाय मी धरला होता, दोन्ही हातांनी. तो मध्यावर आला आणि शिडी वाकली, नुसती अशी — पट्टी दाबल्यावर वाकते तशी — आणि वरचं टोक कठड्यावरून सुटलं. बोटभरच टेकलं होतं ते. त्याच्या हाताला कठडा लागला, दादानं मनगट पकडलं, पण पाय पाइपच्या त्या कड्यावर आपटला. आवाज ऐकू आला मला. ओरडला नाही तो. दादानं कसं ओढून घेतलं कोण जाणे. यंत्र आणि शिडी खाली घरगल्लीत. पोलीस आत आले तेव्हा मी गॅलरीत उभी होते, त्यातल्या एकानं विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, काठी पडली. त्याआधी मी कधी खोटं बोलले नव्हते. मान खाली घातली की लोकांना आपलं खरं वाटतं, हे तेव्हा कळलं.

— हो, शिडी पोलिसांनी उचलून नेली, यंत्रही. हो, बारा पायऱ्यांची. पण तुम्हाला कसं कळलं, बारा? मी पायऱ्यांचं बोलले का? माझ्या आकृतीत तर पायऱ्या नाहीत, नुसता कर्ण आहे. — मी बोलले असेन. असेन बोलले. झोप नाही ना दोन दिवस, काय बोलते ते लक्षात राहत नाही.

पाय बघायचाय तुम्हाला, ते कळलं मला. नडगीचं हाड बाहेर आलंय म्हणे, आणि कालपासून ताप आहे, भ्रमात बोलतो, दादाला त्याचं तोंड दाबून धरावं लागतं. मी रोज दोनदा कपडे वाळत घालते. दादा वरून दोरी सोडतो, मी काठीनं ती ओढून पेज बांधते. चिंतामणीच्या आईला सांगितलंय की तो पुण्याला मावशीकडे आहे. ती काल मला म्हणाली, बेबी, तुला शपथ आहे, पोर जिवंत आहे ना? मी मान हलवली. आता डॉक्टर आले नाहीत तर पाय तरी जाईल नाहीतर तो तरी जाईल, आणि ती बाई मलाच विचारायला येईल. म्हणून सांगतेय मी तुम्हाला, नाहीतर सांगितलं नसतं. टाकीच्या खोलीत आहेत ते. ती बघा, गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात, पत्रा दिसतोय ना, तीच.

— नाही, दुसरी वाट नाही. तिथल्या जिन्याच्या दाराला घरमालकानं कर्फ्यू लागल्या दिवशीच कुलूप घातलं, दगडफेक करायला पोरं चढतात म्हणून. नाही, मागूनही नाही. मागे सरळ भिंत आहे. तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही हे. पेशंटला उतरवायला वाट हवी म्हणून, हो, ते बरोबर आहे. उतरवायचं इकडूनच. मी नवीन गणित केलंय, हे बघा, पलीकडच्या पानावर. तेरा, वर दीड फूट, खाली दीड फूट — सोळा. या वेळी सीतारामकाकांना विचारून केलंय. उद्या सकाळी सहाला कर्फ्यू उठला की ते शिडी घेऊन येणार, कपाट दुरुस्तीचं निमित्त करून. डॉक्टर त्याच वेळी आले तर — आत्ताच आणता म्हणता? शिडीशिवाय कसे जाणार वर? कुलूप उघडून? त्याची किल्ली मालकाकडे आहे, तो कुणाला देत नाही, फक्त —

पान फाडू नका ना. वही दाखवावी लागते बाईंना. बरं, डॉक्टरांना दाखवायला हवं असेल तर न्या. पण घडी घालून आत ठेवा, असं हातात धरू नका, गॅलरीत तर नकोच, इथून सगळं दिसतं लोकांना. कुणाला रुमाल दाखवलात तुम्ही? खाली घरगल्लीच्या तोंडाशी दोघं उभे आहेत, ते तुमच्याबरोबरचे आहेत का? स्ट्रेचर आणायला सांगितलंत? त्यांच्याकडे स्ट्रेचर दिसत नाही. ते वर बघतायत, पण आपल्याकडे नाही, समोरच्या गच्चीकडे —

आई आली. जिन्यातून हाक मारतेय, थांबा. आले गं आई. काय? पाणी उकळत ठेवू? कशाला? — डॉक्टर स्वतःच आलेत तुझ्याबरोबर? अगं, पण डॉक्टरांनी तर मघाशीच यांना —